बेटवाल्या सरांची हजेरी

आमच्या सरांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत कधी नावानं हजेरी घेतली नाही. ते गावं पुकारायचे. "सोयगाव?" म्हटलं की मागच्या बाकावरून "हजर" यायचं. "गंगापूर?" "हजर." "वैजापूर?" वैजापूर बहुधा कॅन्टीनमध्ये असायचं. मस्टरमध्ये नावं होतीच, पण प्रत्येक नावापुढं सरांनी शिसपेन्सिलीनं गाव लिहून ठेवलेलं असे आणि त्यांची नजर त्या शिसपेन्सिलीवरूनच फिरायची. राज्यशास्त्राच्या एम.ए.ची दोन वर्षं मी त्या वर्गात काढली आणि सोयगावचं खरं नाव मला आजही पटकन आठवत नाही. त्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा आम्ही दोघी-तिघींनी ती उलटसुलट करून पाहिली होती, की हा नवरदेव कोण.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "या वर्गात रोल नंबर नाही. तुम्ही सगळे सन्माननीय सदस्य. आपापला मतदारसंघ सांगा." माझी पाळी आली तेव्हा मी "पाचोड" म्हणून सांगितलं. पाचोडचा आठवडी बाजार सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी पुढं विचारत नसे. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि पाचोडात कुठं, असं विचारलं. मी म्हटलं, पाचोडच्या थोडं पुढं. पुढं म्हणजे कुठं? मग मी गावाचं नाव सांगितलं. तरी त्यांची पेन्सिल थांबलेलीच. शेवटी नाइलाजानं सांगितलं की गावात नाही, गावापासून अर्ध्या कोसावर बिरोबाची वस्ती आहे, तिथली. वर्गात कुणीतरी हसलं. हसण्यासारखं काय होतं, हे सरांनी त्याला उभं करून शांतपणे विचारलं आणि ते सांगेपर्यंत त्याला बसू दिलं नाही. मग त्यांनी माझ्या नावापुढं सावकाश "बिरोबा वस्ती" असं लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीची सुरुवात माझ्यापासून होऊ लागली. लहान गाव आधी, मोठं नंतर, असा त्यांचा क्रम होता. सगळ्यात शेवटी शहरातली मुलं, म्हणजे टीव्ही सेंटर, शहागंज, क्रांती चौक. "मोठ्या गावाचा आवाज तसाही पोचतो," एवढंच त्यांचं कारण. जन्मात मला कुणी पहिल्या नंबरावर बसवलं नव्हतं. धनगराची पोर, अंगाला लोकरीचा वास, मराठी बोलायला लागले की "लई" आणि "व्हय" मध्येच घुसायचं. आणि इथं रोज सकाळी साठ पोरांच्या आधी माझ्या वस्तीचं नाव पुकारलं जात होतं. पहिले पंधरा दिवस मला "हजर" म्हणताना लाज वाटली. नंतर मात्र मी एवढ्या मोठ्यानं म्हणायला लागले की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक डोकावून गेले.

त्यांना सगळं कॉलेज बेटवाले सर म्हणायचं. कारण त्यांची पीएच.डी. कॅनडातल्या एका चिमुकल्या बेटावर होती. प्रिन्स एडवर्ड आयलंड त्याचं नाव. बेट असलं तरी तो त्या देशातला पुरता एक प्रांत आहे, सगळ्यात लहान. त्या प्रांताला देशाच्या संसदेत किती जागा मिळाल्या, किती गेल्या आणि किती टिकल्या, एवढ्या एका गोष्टीवर सरांनी आयुष्याची आठ वर्षं घातली. विद्यापीठात त्यांच्या बरोबरीचे लोक निवडणुका, पक्ष, आघाड्या यांवर प्रबंध लिहून वर्तमानपत्रांत झळकत होते आणि आमचे सर विळ्याच्या आकाराचा एक नकाशा ट्रेसिंग पेपरवर गिरवत बसलेले. तो नकाशा त्यांच्या खोलीत कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला होता. कपाट उघडलं की बेट दिसायचं. तिथली माती लाल आहे आणि बटाटा चांगला होतो, ही माहिती ते प्रत्येक पाहुण्याला न मागता द्यायचे.

कॉलेजच्या फाटकाजवळ चहाची गाडी लावणारे एक चाचा होते. सर सकाळी स्कूटर लावून आले की चाचा पातेल्यातून मान वर न काढता विचारायचे, "क्यूं सर, टापू सलामत?" सर तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "चार के चार कायम, चाचा." हा रोजचा पाठ होता. चार कशाचे, हे चाचांना माहीत होतं का, असा मला बरेच दिवस प्रश्न होता. एकदा विचारलं, तर त्यांनी मला संसदेच्या दोन सभागृहांतला फरक चहा गाळता गाळता समजावून सांगितला. वर्गातल्या निम्म्या पोरांना तो परीक्षेत लिहिता आला नव्हता.

त्या बेटाची कथा सर एखाद्या घरातल्या भांडणासारखी सांगायचे. आजूबाजूचे मोठे प्रांत एकत्र येऊन एक देश करायचा म्हणून जमले, ते या बेटावरच जमले. जेवणावळी झाल्या, भाषणं झाली. पुढच्या बैठकीत जागांचं वाटप निघालं, तेव्हा बेटाच्या वाट्याला पाच आल्या. बेटाचे जिल्हे तीन. बेटवाले म्हणाले, पाच जागा तीन जिल्ह्यांत वाटायच्या कशा? सहा द्या. मोठ्यांनी दिल्या नाहीत. झालं, यजमानच पंगतीतून उठला. बाकीच्यांनी देश केला आणि बेट काही वर्षं बाहेर राहिलं. शेवटी आलं ते सहा घेऊनच आलं. इथपर्यंत सांगताना सरांची छाती भरून यायची. पुढचा भाग ते खिडकीबाहेर बघत सांगायचे. बेटावरची तरणी माणसं पोटासाठी मुख्य भूमीवर जाऊ लागली. माणसं मोजली की बेट लहान निघायचं. सहाचे पाच झाले, पाचाचे चार. बेटवाले कोर्टात गेले, थेट लंडनपर्यंत गेले, हरले. तीनवर यायची वेळ आली. तेव्हा कुठं देशाला उपरती झाली आणि नियम झाला, की कोणत्याही प्रांताचे खालच्या सभागृहातले सदस्य वरच्या सभागृहातल्या सदस्यांपेक्षा कमी असणार नाहीत. वरच्या सभागृहात बेटाचे चार होते. म्हणून खालचे चारही वाचले, ते आजतागायत.

या सगळ्याचं सरांना एवढं काय, असं आम्हाला वाटायचं. ते एकदा त्यांनीच सांगितलं, तेही वर्गात नाही. सर मूळचे गंगापूरकडचे. त्यांच्या आजोबांच्या काळात घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वडील राखीव जागेवर गावच्या पंचायतीत निवडून आले. पहिल्या सभेला गेले तर बसायला त्यांच्यापुरती खुर्ची नव्हती. ते उभे राहिले. दुसऱ्या सभेला घरून सतरंजीची घडी घेऊन गेले. पाच वर्षांत त्यांना एकदाही बोलू दिलं नाही, पण त्यांनी एकही सभा चुकवली नाही. सभा संपली की हजेरीचं रजिस्टर मागून घ्यायचे आणि वळणदार अक्षरात सही करायचे. लहानपणी सर बरोबर गेले होते, तेव्हा त्यांनी वडिलांना विचारलं की नुसत्या सहीनं काय होतं. वडील म्हणाले, "उद्या कुणी म्हणलं इथं आपलं कुणी नव्हतंच, तर वही उघडून दावायची." सरांनी हे सांगून झाल्यावर स्वतःचं मस्टर उगाच उघडलं आणि बंद केलं.

एवढा बेटाचा अभ्यासक, पण सरांनी समुद्र बघितलेला नव्हता. त्यावरून आम्ही त्यांना फार छळलं. शेवटी एका हिवाळ्यात ते आम्हाला घेऊन जायकवाडीच्या पाण्यावर गेले. पाणी दूरवर पसरलेलं आणि मधोमध एक उंचवटा, त्यावर एक बाभूळ आणि वीसेक बगळे. सर चपला काढून काठाशी उभे राहिले. मग म्हणाले, असंच असणार. तेवढ्यात जाळं आवरणाऱ्या एका माणसानं सांगितलं की उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या उंचवट्यावर चालत जाता येतं, तिथं टरबुजं होतात. सर एवढे हिरमुसले की आम्हालाच वाईट वाटलं. परतीच्या बसमध्ये ते स्वतःशीच पुटपुटले, की ते बेट हंगामी होतं, त्याचा विचार करायला नको होता.

आता माझ्या हजेरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दिवाळीनंतर आमच्या वस्तीवरची सगळी माणसं मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरतात. ज्याचं रान मोकळं झालं त्याच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत होतं, आपल्याला चारा आणि दाणे मिळतात. मग पुढचं रान. होळीपर्यंत हेच. वस्तीवर राहतात ती चालता न येणारी म्हातारी माणसं आणि कुलपं. माझी माय त्या वर्षांत सारखी आजारी पडायची, म्हणून दर हिवाळ्यात तीन-चार आठवडे मला कळपामागं जावं लागायचं. पंचाहत्तर टक्के हजेरी नसली तर परीक्षेला बसता येत नाही, हा नियम ऑफिसच्या काचेवरच चिकटवलेला होता.

सरांनी मला कधी सुट्टीचा अर्ज मागितला नाही, डॉक्टरचा दाखलाही मागितला नाही. ते म्हणायचे, "बिरोबा वस्ती दौऱ्यावरून आली आहे. सभागृहाला माहिती द्या." मग मला फळ्यापाशी उभं राहून सांगावं लागायचं, की कोणत्या शिवारात गेलो, कुणाच्या रानात बसलो, कोणत्या गावानं विहिरीवर पाणी भरू दिलं आणि कुणी हाकललं. एकदा शहागंजनं विचारलं की मेंढ्या किती आहेत. मी म्हटलं, माहीत नाही, माझा बा मेंढरं मोजत नाही. मग एखादी हरवली तर कसं कळतं? मी म्हटलं, सगळी तोंडं ओळखीची असतात, नसलेलं तोंड लगेच कळतं. पोरं हसली. सरांनी मात्र हातातला खडू खाली ठेवला, डायरी काढली आणि हे वाक्य लिहून घेतलं. वर्षअखेरीस कमी हजेरीवाल्यांची यादी लागली तेव्हा मी ती तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं. कशी कोण जाणे काठावर निभावले, असं समजून मी गप्प बसले. सरांना विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्या वर्षी पंचायतीच्या प्रभागांचा कच्चा नकाशा चावडीवर लागला. आमची वस्ती आजवर एकटीच एक प्रभाग होती, म्हणून वस्तीतला एक तरी माणूस कायम मेंबर असायचा. त्या मेंबरनं भांडून हापसा आणला होता आणि माझी चार यत्तांची शाळा, एका खोलीची का होईना, त्यानंच मिळवली होती. नव्या नकाशात ओढ्याची हद्द धरून वस्तीचे दोन तुकडे केले होते. ओढ्याच्या अलीकडची घरं एका मोठ्या प्रभागात, पलीकडची दुसऱ्यात. दोन्हीकडं आम्ही मूठभर. म्हणजे आमचा मेंबर यापुढं कधीच होणार नव्हता आणि शाळेची खोली गळायला लागली तर सांगायला कुणी उरणार नव्हतं. मी शहरात येऊन हे सरांना सांगितलं. मला वाटलं, ते हळहळतील. ते तर उठून उभेच राहिले. त्यांचे डोळे चमकले होते. आयुष्यभर ज्याचं पुस्तकी औषध तयार केलं, तो रोगी पहिल्यांदाच दारात आला होता.

त्यांनी चार दिवस खपून अकरा पानांची हरकत लिहिली. तिच्यात नऊ पानं बेट होतं. मी भीत भीत म्हटलं की सर, साहेब एवढं वाचणार नाहीत. त्यांनी पानं परत घेतली आणि दुसऱ्या दिवशी एक पान दिलं. ती नऊ पानं कापताना त्यांना काय झालं असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी शेवटून दुसऱ्या ओळीत बेट होतंच. तेवढं राहू द्या, असं ते जवळजवळ विनवून म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी सर त्यांचा एकुलता एक कोट घालून एसटीनं तालुक्याला आले. वस्तीवरची माणसं मेंढरांमागं गेलेली, म्हणून आमच्याकडून मी आणि माझा आजा, एवढेच. आजाला नीट दिसत नव्हतं, काठी टेकत आला होता. सुनावणीचे साहेब तरुण होते, सकाळपासून हरकती ऐकून दमलेले. त्यांनी आमचं पान वाचलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे बेट कुठलं? आपल्या तालुक्यात बेट आहे?" सर बोलायला उठले. यजमान पंगतीतून उठल्यापर्यंत ते आले असतील नसतील, साहेबांनी हात वर केला. म्हणाले, प्राध्यापक, तुमची विद्वत्ता मान्य, पण मला नियम बघावा लागतो. मागच्या जनगणनेत या वस्तीवर माणसं एकोणीस. एकोणीस माणसांसाठी मी प्रभाग कसा राखू?

एकोणीस हा आकडा ऐकून मी आजाकडं पाहिलं. तो काठी टेकून उठला. सर अर्धवट उभे होते तसेच राहिले. आजा म्हणाला, "सायेब, ती चूक माही हाय. मोजणीवाले गुरुजी आले तव्हा सारे मेंढरामागं गेल्याले. मला इचारलं, किती मान्सं. जित्या मान्साची मोजदाद करू नाय, असं आमच्यात हाय. मी म्हणलं, हितं हावोत तेवढेच लिवा. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माहंच ऐकलं."

साहेबांनी आमचं पान पुन्हा पुढं ओढलं. आजानं विचारलं, "मोजत नाय. नावं घिऊ का?" आणि परवानगीची वाट न बघता त्यानं सुरुवात केली. पूर्वेकडच्या पहिल्या घरापासून. घरधन्याचं नाव, बायकोचं नाव, लेकरांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि आत्ता कोण कुठल्या शिवारात आहे तेही. धोंडीबा गंगापूरच्या अंगाला, ऊस तुटलेल्या रानात. त्याची बायको बाळंतीण, माहेरी. दुसरं घर. तिसरं घर. ओढा आला तेव्हा आजा थांबला नाही, ओढ्यापलीकडच्या घरात तसाच गेला, कारण त्याच्या डोक्यात तिथं हद्द नव्हतीच. साहेबांच्या बाजूला बसलेल्या कारकुनानं सवयीनं लिहायला घेतलं होतं. मला रडू येत होतं आणि अभिमानही एवढा वाटत होता की तो कुठं ठेवू कळेना. ज्या माणसाला मी शहरात कुणाला दाखवायला लाजत होते, तो माझा अधू डोळ्यांचा आजा अख्खी वस्ती त्या खोलीत आणून उभी करत होता. सर हात जोडून उभे होते. शेवटच्या घरातल्या तान्ह्या पोरीचं अजून नाव ठेवलेलं नव्हतं, तेव्हा आजानं तिला नुसतं "धाकटी" म्हणून सांगितलं.

सर हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, हजेरी पूर्ण झाली."

साहेब भले निघाले. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आकडा बदलणं त्यांच्या हातात नाही, तो पुढच्या जनगणनेलाच बदलेल. पण वस्ती तोडायची नाही, एवढं ते करू शकतात. त्यांनी नकाशावर ओढ्याची रेघ खोडली आणि हद्द गाडीवाटेवरून घेतली. वस्ती अख्खी एका प्रभागात आली, सोबत गावातली काही घरं जोडली गेली. पूर्वी प्रभाग आमचा एकट्यांचा होता, आता वाटून घ्यावा लागणार होता. मी थोडी हिरमुसले. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "सहाचे चार झाले. पण चार राहिले ना." त्या निवडणुकीत माझी चुलती थोडक्यात निवडून आली आणि शाळेच्या खोलीवर पत्रे पडले.

एसटी स्टँडवर चहा पिताना सरांनी आजाला बेटाची सगळी गोष्ट सांगितली, कापलेल्या नऊ पानांसकट. आजानं मन लावून ऐकली. मग विचारलं, "तिथं मेंढरं हायती का?" त्या बेटाच्या जागा, जिल्हे, खटले, कायदे सगळं ज्यांना तोंडपाठ, त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तसं कबूल केलं. आठवड्यानं मला वर्गाबाहेर थांबवून म्हणाले, आजोबांना सांगा, मेंढ्या आहेत, चांगल्या आहेत. मी निरोप दिला. आजा म्हणाला, "मंग मान्सं बरी असतील."

त्यानंतर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, गंगापूर तालुक्यात. सर निवृत्त झाले. भेटायला गेलं की दार उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "कोण? बिरोबा वस्ती?" माझी हाक मारायची पद्धतच त्यांना ठाऊक होती. समुद्र त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही. मुलगा कोकणात नेतो म्हणाला होता, तर म्हणे, आता कशाला, उगाच तुलना होईल. गेल्या पावसाळ्यात ते गेले.

सरांच्या घरच्या शोकसभेला आम्ही सगळे जमलो. पंधरा वर्षांनी एकमेकांना बघत होतो आणि नावं कुणाचीच आठवत नव्हती. "सोयगाव आलं का?" "वैजापूर वाटेत आहे." सोयगाव आता कुठल्याशा खात्यात मोठा अधिकारी आहे, आम्ही त्याला सोयगाव म्हणताना ऐकून त्याचा ड्रायव्हर बावचळला. फाटकाजवळचे चाचाही आले होते, पांढरी दाढी, हातात टोपी. त्यांनी मला ओळखलं आणि हळूच विचारलं, "बेटी, वो टापू का क्या हुआ?" मी सांगितलं, "चार के चार कायम, चाचा." त्यांनी मान डोलावली आणि डोळे पुसले.

निघताना सरांच्या पत्नीनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मला आत बोलावलं. सरांची मस्टरं कपाटात होती. तुमच्या वर्गाचं तुम्ही घेऊन जा, असं त्या म्हणाल्या. मी घरी येऊन ते उघडलं. पहिल्या ओळीत माझं नाव, पुढं शिसपेन्सिलीतली बिरोबा वस्ती. हिवाळ्याच्या महिन्यांत मी वर्गात नव्हते, त्या प्रत्येक दिवसाच्या चौकटीत छोट्या अक्षरात "मेंढ्यांसोबत" असं लिहिलेलं. एकही चौकट कोरी नाही, एकही फुली नाही. समासात ऑफिसच्या लाल शाईत कुणीतरी विचारलं होतं, की ही विद्यार्थिनी गैरहजर असताना हजर कशी धरली. त्याखाली सरांचं उत्तर, खाली पूर्ण सही, वळणदार. "सदर विद्यार्थिनी आपल्या माणसांत हजर होती. चौकशी व्हायची असल्यास माझी व्हावी."

म्हणजे मी काठावर निभावले नव्हते. एका माणसानं माझ्यासाठी आपली नोकरी त्या समासात लिहून ठेवली होती आणि मला कळूही दिलं नव्हतं. मी मस्टर मांडीवर घेऊन बसले आणि पोटभर रडले. आणि मग मला त्यांचा असा काही अभिमान वाटला, जसा आपल्या बापाचा वाटतो.

यंदा जनगणनेच्या कामात प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली. माझ्या वाट्याच्या भागात एक वस्ती आहे, तिथं गेले तर अकरा घरांपैकी आठांना कुलूप. बरोबरचे गुरुजी म्हणाले, बंद लिहा आणि पुढं चला, ऊन वाढतंय. मी शेजारी विचारलं, माणसं कुठं आहेत. कुणीतरी नदीच्या अंगाला हात केला. मी स्कूटी काढली. बांधाबांधानं चार गावं ओलांडल्यावर एका तुरीच्या मोकळ्या रानात कळप बसलेला दिसला, कडेनं पालं. चुलीपाशी एक म्हातारी भाकरी थापत होती. मी जनगणनेचं सांगितलं, किती माणसं आहेत विचारलं. तिनं हात थांबवला आणि मान हलवली.

"जित्या मान्साची मोजदाद करत नसतेत बाई."

मी नोंदीचा मोबाईल पिशवीत ठेवला, वही काढली आणि तिच्याशेजारी मातीत बसले. म्हटलं, "मोजू नका आज्जे. नुसती नावं घ्या."

तिनं पिठाचे हात झटकले आणि पूर्वेकडच्या पालापासून सुरुवात केली.